दुर्बिणीची बैठक

दुर्बिणीचा इतिहास बहुधा आरशांचा आणि भिंगांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमक्याने इतक्या इंचांचा आरसा घासला, तमक्याने त्याच्या दुप्पट व्यासाचा ओतविला, अशी ती चढती भाजणी असते. ही मोजदाद खोटी नव्हे. पण ती अर्धीच आहे. आरसा प्रकाश गोळा करतो. तो प्रकाश डोळ्यापुढे धरून ठेवण्याचे काम मात्र नळीखालची लाकडाची, लोखंडाची वा दगडाची मांडणी करीत असते. ह्या मांडणीला आम्ही येथे बैठक म्हणू. कोणत्याही वेधशाळेच्या चाकरीत नसताना, केवळ हौसेपोटी आणि बहुधा पदरमोड करून ज्यांनी मोठमोठ्या दुर्बिणी उभारल्या, त्यांची चरित्रे वाचू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार नजरेस येते. त्यांची कीर्ती आरशाने झाली, परंतु त्यांच्या कित्येक रात्री बैठकीच्या विवंचनेत गेल्या.

ही विवंचना कसली, ते थोड्या आकड्यांनी स्पष्ट होईल. अंशाचा साठावा भाग ती कला आणि कलेचा साठावा भाग ती विकला, हे माप आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतलेच आहे. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे, म्हणजे १८०० विकलांचे. गुरूचे बिंब साधारण ४० विकलांचे. एक मीटर लांबीच्या नळीचे टोक मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी सरकले, तरी दुर्बिणीचा रोख एका विकलेने चुकतो. मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा थरथराट झाला तर गुरूचे बिंब आपल्या पाव रुंदीइतके नाचू लागते. दोनशेपट मोठे दाखविणारी दुर्बीण ग्रहाबरोबर हा थरथराटही दोनशेपट मोठा करून दाखविते. भरीस भर म्हणून पृथ्वी फिरतच असते. तिच्या गतीमुळे आकाश दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकते, आणि गुरू तीन सेकंदांच्या आत आपल्या स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. तेव्हा बैठकीकडून आपण दोन विरोधी गोष्टी एकदम मागत असतो : तिने जराही हलू नये, आणि तिने अखंड हलत राहावे. हौशी दुर्बीणकारांचा सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास हा बहुतांशी ह्या दोन मागण्यांची सांगड घालण्याचा इतिहास आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ आम्ही डँझिगच्या योहान हेवेलियसपासून करू. हा गृहस्थ धंद्याने मद्य गाळणारा, नगरसभेचा मानकरी आणि छंदाने ज्योतिषी. त्या काळची साधी भिंगे वस्तूंभोवती रंगीत कडा उमटवीत, आणि तो दोष कमी करण्याचा एकच उपाय ठाऊक होता : दुर्बीण लांब करणे. हेवेलियसने ती लांबवीत लांबवीत १५० फुटांवर नेली. फळ्यांची ही प्रचंड पन्हळ त्याने ९० फूट उंचीच्या डोलकाठीला दोर आणि कप्प्या लावून टांगली. १६७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तिचे चित्र आहे. ते पाहिले म्हणजे गलबताचीच आठवण होते. आणि गलबताप्रमाणेच ती वाऱ्याच्या अधीन होती. झुळूक आली की फळ्या हेलकावत, दमट हवेने दोर आखडत, लाकूड वाकून दोन भिंगे एका रेषेत राहत नसत. ह्या दुर्बिणीने विशेष असे काही दाखविले नाही.

सुमारे पन्नास वर्षांनी आपल्याकडे सवाई जयसिंहापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. त्याच्या मोजमापाच्या वेधयंत्रांना दुर्बीण जोडलेली नव्हती. परंतु रोख अढळ कसा ठेवावा ही अडचण तीच होती. बादशहा महंमदशहाच्या नावे रचलेल्या आपल्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने पितळी यंत्रांविषयीची तक्रार नमूद केली आहे. ती यंत्रे आकाराने लहान. त्यांचे आस झिजतात, डळमळतात. वर्तुळांचे मध्य ढळतात आणि पातळ्या सरकतात, असा तिचा आशय आहे. त्यावर त्याने काढलेला तोडगा दिल्ली, जयपूर, उज्जैन किंवा काशी येथे राहणाऱ्या आमच्या बांधवांनी प्रत्यक्ष पाहिलेला असेल. त्याने यंत्रच चुन्यादगडात बांधून काढले. जयपूरच्या सम्राट यंत्राची भिंत सुमारे ९० फूट उंच आहे. ती झिजत नाही आणि डुलत नाही. ह्या उद्योगात त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित होता, आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ ह्या नावाने त्यानेच संस्कृतात आणली, हेही येथे सांगितले पाहिजे. घरापासून दूर, परक्या दरबारी राहून मोठ्या कार्याला हातभार लावणारा तो आमचा पूर्वसूरी होय.

सम्राट यंत्राच्या त्या तिरप्या भिंतीकडे पुन्हा एकदा लक्ष द्यावयास हवे, कारण पुढील सर्व कथेची किल्ली तिच्यात आहे. तिची उतरती धार पृथ्वीच्या आसाला समांतर असून तिचा रोख ध्रुवाकडे आहे. दिल्लीस तिचा कोन सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा, जयपुरास सत्तावीस अंशांचा. म्हणजे जेथे जेवढे अक्षांश तेथे तेवढा कोन. अशाच तिरप्या रेषेवर लोखंडी आस बसवून त्याभोवती दुर्बीण फिरती ठेवली, तर पृथ्वीच्या उलट दिशेने एकच संथ गती देऊन ताऱ्याचा पाठलाग करता येतो. ह्या रचनेला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. दुसरी रचना तोफेच्या गाड्यासारखी : एक हालचाल डावीउजवीकडे, एक वरखाली. ती करावयास सोपी आणि भार पेलण्यास बळकट. परंतु तारा धरून ठेवण्यासाठी तिला दोन्ही दिशांनी, आणि तेही क्षणोक्षणी बदलत्या वेगाने, हलवावे लागते. मोठी दुर्बीण करू पाहणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला ह्या दोहोंपैकी एकीची निवड करावी लागली आहे.

विल्यम हर्शेलने गाड्याची रचना निवडली. हॅनोव्हरहून इंग्लंडात आलेला हा वादक बाथ येथे संगीताच्या शिकवण्या करीत असे आणि रात्री आरसे घाशीत असे. १३ मार्च १७८१ रोजी त्याने प्रजापती म्हणजे युरेनस हा ग्रह शोधला, तो अवघ्या सव्वासहा इंची आरशाच्या, सात फुटी दुर्बिणीने. त्यानंतर त्याला राजाश्रय मिळाला आणि १७८३ साली डॅचेट येथे त्याने सुमारे १९ इंची आरशाची वीस फुटी दुर्बीण उभी केली. वेध घेण्याची घाई इतकी, की बैठकीचे लाकूडकाम पुरे होण्याआधीच तो तात्पुरत्या आडव्या तुळईवर, जमिनीपासून पंधरा फूट उंचीवर, उभा राहून आकाश पाहू लागला. त्याची बहीण कॅरोलिन हिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की एका वादळी रात्री तो खाली उतरून जमिनीला पाय लावतो न लावतो तोच सगळी परांची कोसळली. १७८३ च्या अखेरच्या रात्री तर तिच्यावरच प्रसंग ओढवला. बर्फावरून अंधारात धावताना ती पडली आणि यंत्राला लावलेला, खाटकाच्या दुकानात असतो तसला आकडा तिच्या उजव्या मांडीत घुसला. तिला सोडविताना मांसाचा लचका आकड्यालाच राहिला. कच्च्या बैठकीची किंमत कधीकधी अशीही द्यावी लागते.

पुढे राजाने चार हजार पौंड दिले आणि १७८९ मध्ये स्लाऊ येथे चाळीस फुटी दुर्बीण पुरी झाली. आरसा चार फूट व्यासाचा. विटांच्या वर्तुळाकार पायावर चाकांनी फिरणारा लाकडी शिड्यांचा तो डोंगर पाहावयास राजेरजवाडे येत. पण तिला वळवावयास माणसे लागत, आरसा दमट हवेने काळवंडे, आणि मांडामांड होईपर्यंत निरभ्र आकाशाचे तास निघून जात. हर्शेलचे खरे काम वीस फुटी दुर्बिणीनेच चालू राहिले. त्याचा मुलगा जॉन याने अशीच एक वीस फुटी दुर्बीण सुटी करून जहाजावर चढविली, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केप येथे उभी केली, आणि १८३४ पासून १८३८ पर्यंत दक्षिणेचे सारे आकाश धुंडाळले. चाळीस फुटी दुर्बीण मात्र जागची हलू शकली नाही. तिची लाकडे कुजली. १८४० च्या नववर्षाच्या सुमारास हर्शेल कुटुंबाने आडव्या ठेवलेल्या तिच्या नळीत बसून निरोपाचे गीत गाइले आणि ते प्रकरण संपले.

हर्शेलच्या आकांक्षेला जयसिंहाचा तोडगा जोडला तो आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने. पार्सन्सटाउन येथील आपल्या जहागिरीत त्याने सहा फूट व्यासाचा धातूचा आरसा ओतविला आणि १८४५ मध्ये पन्नासाहून अधिक फूट लांबीची दुर्बीण सुरू केली. नळीचे व आरशाचे मिळून कित्येक टन वजन कोणत्याही लोखंडी आसावर तोलणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून त्याने उत्तर-दक्षिण अशा दोन समांतर भिंती बांधल्या, सुमारे ७० फूट लांब आणि ५० फुटांहून उंच, आणि त्यांच्यामध्ये साखळदंडांनी नळी झुलती ठेवली. मजबुती पुरेपूर मिळाली; पण भिंतींनी आकाश कापून टाकले. तारा माथ्यावर येईल तेव्हा सुमारे तासभर काय ते पाहावे. एरवी त्याची वाट पाहावी. एवढ्या बंधनातही त्या एप्रिल महिन्यात रॉसने एका तेजोमेघाचे चक्राकार, भोवऱ्यासारखे रूप ओळखले. आज आपण ज्यांना सर्पिल दीर्घिका म्हणतो त्यांचे ते पहिले दर्शन. त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याचे पीक करपले, दुष्काळ पडला, आणि दुर्बीण बाजूस ठेवून जहागीरदाराला रयतेकडे पाहावे लागले. वेधांचे काम त्यामुळे काही वर्षे मागे पडले.

त्याच सुमारास लिव्हरपूल येथे विल्यम लॅसेल नावाचा मद्याचा कारखानदार अगदी वेगळ्या वाटेने चालला होता. जर्मनीत फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डॉर्पाटच्या वेधशाळेसाठी साडेनऊ इंची भिंगाची दुर्बीण केली होती. तिला तिरपा ध्रुवाक्ष होता आणि तो फिरविणारे घड्याळयंत्र होते. ती नळी हलकी होती. लॅसेलने ठरविले की हीच रचना मोठ्या आरशालाही लागू करावयाची. रॉसचा आरसा सहा फुटी असताना लॅसेल दोन फुटी आरशावर थांबला, आणि उरलेली सर्व बुद्धी व पैसा त्याने लोखंडी विषुववृत्तीय बैठकीवर खर्च केला. आरसा स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून त्याच्या पाठीमागे तरफांची रांगही बसविली. १८४६ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस वरुण म्हणजे नेपच्यून सापडला, आणि बरोबर १७ दिवसांनी, १० ऑक्टोबर रोजी, लॅसेलने त्याचा ट्रायटन हा चंद्र हुडकला. त्याच्या आरशात जमणारा प्रकाश रॉसच्या आरशाच्या नवव्या हिश्शाइतकाच होता. परंतु अंधूक ठिपका नजरेसमोर धरून ठेवता आला, म्हणून तो दिसला. पुढे त्याने चार फुटी आरशाची तशीच दुर्बीण माल्टा बेटावर नेली आणि १८६१ ते १८६५ ह्या काळात शेकडो नवे तेजोमेघ नोंदविले.

छायाचित्रणाची कोरडी काच आल्यावर बैठकीची परीक्षा अधिक कठोर झाली. डोळा थरथराट काहीसा सोशितो, मेंदू तो वजा करून पाहतो. काच प्रत्येक हेलकावा लिहून ठेवते. ही परीक्षा प्रथम उत्तम रीतीने दिली ती अँड्र्यू कॉमन ह्या इंग्रज अभियंत्याने. तो मैलापाणी वाहून नेण्याच्या कामांचा जाणकार. लंडनजवळ ईलिंग येथे घराच्या बागेत त्याने १८७९ मध्ये तीन फुटी आरशाची दुर्बीण उभारली. ध्रुवाक्षावर जो सारा भार पडतो, त्याने घर्षण वाढते आणि आस अडखळत फिरतो. कॉमनने आस पोकळ करून पाऱ्यात तरंगत ठेवला. पाऱ्याने भार उचलला आणि घड्याळयंत्राला केवळ गती देण्याचे काम उरले. जानेवारी १८८३ मध्ये त्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले होते. पुढच्या वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

ह्या दुर्बिणीची पुढील कथा बदलीच्या नोकरीतल्यांस ओळखीची वाटेल. कॉमनने ती १८८५ मध्ये हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्ले यांस विकली. त्यांनी ती १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेस देऊन टाकली. इंग्लंडचे अक्षांश पन्नासाच्या वर, लिकचे सदतीस. ध्रुवाक्षाचा कोन बदलला, पाया बदलला, आणि डोंगरावरच्या वाऱ्यात बैठकीचे सर्व दोष उघडे पडले. १८९८ मध्ये संचालक म्हणून आलेल्या जेम्स कीलरने दुसऱ्या कोणावर न सोपविता ती स्वतः हाती घेतली. आस घट्ट करणे, घड्याळयंत्र सुधारणे, वाऱ्याला आडोसा करणे, असे महिनोन्‌महिने त्याने बैठकीशी झगडण्यात घालविले. आणि मग तिने घेतलेल्या चित्रांवरून एक लाखाहून अधिक तेजोमेघ ह्या दुर्बिणीच्या टप्प्यात असावेत असे अनुमान त्याने मांडले. १९०० साली, ऐन उमेदीत, तो वारला. आरसा तोच होता. तो बोलू लागला तो बैठक दुरुस्त झाल्यावर.

आमच्याकडेही ह्या प्रकारचा एक अध्याय घडला आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि सरकारची मदत यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ च्या सुमारास वेधशाळा स्थापन झाली. तिचे चालक प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब कारखान्याने केलेली २० इंची आरशाची त्यांची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध घेण्यासाठी ह्याच नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता. परंतु वेधशाळा जवळजवळ एका माणसावर उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालास रवाना झाली. पुण्याच्या साडेअठरा अंशांसाठी तिरपा केलेला आस कोडाईकनालच्या सव्वादहा अंशांवर जवळजवळ आडवाच करावा लागतो. विषुववृत्तीय बैठकीचा हा स्वभावच आहे. ती एका गावाशी लग्न लावते. हैदराबादचे हौशी सरदार नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये १५ इंची भिंगाची मोठी दुर्बीण विलायतेहून मिळविली. १९०७ मध्ये ते निवर्तले, आणि निजाम सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतल्यावर कितीतरी वर्षांनी, १९२२ मध्ये, ती बेगमपेठेस कायमची बसली. यंत्र घेणे एका सहीचे काम असते. त्याला बसविणे हे वर्षांचे.

येथपर्यंतची माणसे एकतर श्रीमंत होती किंवा त्यांना कोणाचा तरी आश्रय होता. साध्या पगारदार माणसाच्या हाती मोठी दुर्बीण आली ती विसाव्या शतकात, आणि ते श्रेय मुख्यतः रसेल पोर्टर या अमेरिकन चित्रकाराचे. उत्तर ध्रुवाकडील मोहिमांतून परतलेल्या ह्या माणसाने १९२० मध्ये व्हर्माँट प्रांतातील स्प्रिंगफील्ड ह्या कारखानदारीच्या गावी कामगारांना आरसे घासावयास शिकविले. १९२३ मध्ये त्यांचे मंडळ स्थापन झाले. अल्बर्ट इंगल्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून ही वार्ता देशभर नेली. त्या पिढीच्या बैठका नळजोडणीच्या सामानाच्या, जुन्या मोटारींच्या आसांच्या आणि काँक्रीटच्या असत. पोर्टरने अशी एक रचना काढली की दुर्बीण कोठेही वळली तरी डोळा लावण्याची जागा हलत नाही. पाहणारा खुर्चीवर बसून राहू शकतो. १९२८ मध्ये पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आराखड्यासाठी ह्याच हौशी माणसाला पाचारण झाले.

ह्या कामगारांनी अनुभवाने काही नियम शोधले, त्यांस गणिताचा पूर्ण आधार आहे. आरशाचा व्यास दुप्पट केला आणि जाडी त्याच प्रमाणात ठेवली तर वजन आठपट होते. आसाची सळई आधारापासून दुप्पट लांब बाहेर काढली तर तिचा वाक आठपट होतो. उलट तिचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळापट वाढतो. म्हणून बैठकीत लांब आणि बारीक असे काहीही नसावे. सर्व काही आखूड आणि जाड असावे. केवळ वजन म्हणजे मजबुती नव्हे. जडशीळ लोखंडी खांबावर बोटभर जाडीची सळई असली तर दुर्बीण त्या सळईइतकीच मजबूत. नळीवर हलकी टिचकी मारून तारा पुन्हा स्थिर होईपर्यंत सेकंद मोजावेत, ही त्यांची परीक्षा आजही चालते. एकदोन सेकंदांत तारा थांबला तर बैठक उत्तम. पाचसहा सेकंद तो डुलत राहिला तर आरसा कितीही चांगला असला तरी व्यर्थ. ह्या परीक्षेत लाकूड पुष्कळदा धातूला मागे टाकते, कारण कंप शोषून घेण्याचा गुण त्यात अधिक आहे.

लाकडाच्या ह्याच गुणावर शेवटची मोठी क्रांती उभी राहिली, आणि तिचा कर्ता रामकृष्ण संप्रदायाचा संन्यासी असावा ही आम्हां भारतीयांस विशेष वाटणारी गोष्ट आहे. जॉन डॉब्सन १९१५ मध्ये पेकिंग येथे जन्मले. रसायनशास्त्र शिकून १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले. अपरिग्रहाचे व्रत, दुर्बीण घ्यावयास पैसा नाही. तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या जहाजांच्या खिडक्यांची जाड काच घासून आरसे केले, काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या, आणि बैठक म्हणून प्लायवूडची एक पेटी केली. पेटी खाली जमिनीलगत. तिच्यावर नळीचे दोन रुंद गोल कान टेकलेले. आणि सरकत्या जागी टेफ्लॉनचे लहान तुकडे, ज्यांवर जुनी ग्रामोफोनची तबकडीही फिरू शके. टेफ्लॉनवर वस्तू सुरू करावयास आणि चालू ठेवावयास लागणारा जोर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे नळी अडखळत नाही. बोटाने लोटावी तेवढी सरकते, आणि बोट काढले की तेथेच राहते. येथे घर्षणच रक्षणकर्ते ठरले. कॉमनने ज्याला हटविण्यासाठी पारा ओतला, त्याला डॉब्सन यांनी कामाला लावले.

१९६७ मध्ये मठ सोडल्यावर डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास चंद्र आणि शनी दाखवू लागले. १९६८ मध्ये त्यांचे मंडळ आकारास आले. २०१४ च्या जानेवारीत ते निवर्तले, तोवर त्यांच्या नावाची बैठक जगभर पसरली होती. गंमत अशी की ही बैठक म्हणजे हर्शेलची तोफेच्या गाड्याची रचनाच होय. मोठ्या वेधशाळाही त्याच रचनेकडे परतल्या. सोव्हिएत रशियाच्या सहा मीटर आरशाच्या दुर्बिणीने १९७५ मध्ये गणकयंत्राच्या साह्याने दोन्ही दिशांचे बदलते वेग सांभाळून दाखविले, आणि ध्रुवाक्षाची सक्ती संपली. लडाखमधील हानले येथील दोन मीटरची आणि नैनितालजवळ देवस्थळ येथील, २०१६ मध्ये सुरू झालेली, ३.६ मीटरची दुर्बीण ह्याच रचनेच्या आहेत.

आता आमच्या वाचकांपैकी ज्या कोणाच्या मनात मोठी दुर्बीण करावी किंवा घ्यावी असे असेल, त्यांस ह्या इतिहासातून काय घेता येईल? पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींना हाती धरून हे सर्व शिकवीत आली आहे; परंतु गुवाहाटीस, भोपाळास वा कोचीनला नेमणूक झालेल्या माणसास बहुधा आपल्याच विचाराने निवड करावी लागते. त्याने प्रथम स्वतःस विचारावे, की आपण येथे किती वर्षे आहोत. जो निवृत्त होऊन आपल्या घराच्या गच्चीवर स्थिरावला आहे, त्याने रॉसप्रमाणे पाया घालावा, लॅसेलप्रमाणे आस रोवावा. मात्र गच्चीच्या लादीवर तोच खांब उभा केला तर घरातल्या प्रत्येक पावलाने तारा हलेल, म्हणून तो भिंतीच्या किंवा तुळईच्या माथ्यावर घ्यावा. ज्याची बदली तीन वर्षांनी ठरलेली आहे, त्याला ध्रुवाक्षाचा कोन प्रत्येक गावी नव्याने जुळवावा लागेल. त्याने डॉब्सन यांची पेटी पत्करावी. दुसरा प्रश्न असा, की केवळ पाहावयाचे आहे की चित्रे घ्यावयाची आहेत. पाहावयाचे असेल तर लाकूड पुरेसे आहे. चित्रे घ्यावयाची असतील तर चालित आस हवा, आणि अंदाजपत्रकातला मोठा वाटा निःशंकपणे त्यालाच द्यावा.

आणि रक्कम ठरलेलीच असेल, जशी ती पगारदाराची नेहमी असते, तर आरशाचे दोन इंच कमी करावेत व ते पैसे बैठकीत घालावेत. हा सल्ला कोणासही आवडत नाही, कारण पाहुण्यांस आरशाचा व्यास सांगता येतो, बैठकीचा ताठपणा सांगता येत नाही. परंतु स्लाऊच्या बागेत चार फुटी आरसा काळवंडत पडला असता अठराएक इंची आरशाची दुर्बीण जहाजावर चढली, परक्या भूमीवर पुन्हा उभी राहिली आणि चार वर्षांत दक्षिणेचे संपूर्ण आकाश नोंदवून घरी परतली, हेही खरे आहे. परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींना ह्या दोहोंतली कोणती दुर्बीण आपली, हे ठरविणे फारसे अवघड जाऊ नये.